लहान धरण कोणासाठी लहान?

मी आयुष्यात एकदाच एका वाडीतली माणसं मोजली, आणि ती चुकीची मोजली.

फेब्रुवारी २०२३ ची गोष्ट. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान मातीच्या धरणाखाली किती घरं आहेत आणि त्यांत किती माणसं राहतात, याची पाहणी करायची होती. त्यासाठी दोन दिवसांपुरती पोरं हवी होती. मी आणि माझा एक मित्र गेलो. हातात छापील तक्ता होता: घराचा प्रकार, पऱ्यापासूनचं अंतर, राहणारी माणसं, गुरं.

वाडीत एकतीस घरं होती. त्यांतल्या चौदा घरांना कुलूप. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. घर गावाला, माणसं मुंबईला. मी कुलूपबंद घरांसमोर 'माणसं' या रकान्यात शून्य लिहीत पुढं चाललो होतो. एका ओटीवर एक आजी कुळीथ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "बंद घरं पण लिहितोस ना रे बाळा?"

"लिहितो की आजी. पण माणसं शून्य."

"शून्य कशी? गणपतीत ये. पाय ठेवायला जागा नसते."

मी हसलो आणि पुढच्या घराकडे गेलो. संध्याकाळी बेरीज केली: सतरा घरं, सेहेचाळीस माणसं. तक्ता दिला, पैसे घेतले, एसटी पकडली. आजी काय म्हणाल्या ते एसटीत खिडकीपाशी बसल्यावर डोक्यात शिरलं. गणपती भाद्रपदात येतात. तोवर मृग ते मघा एवढा पाऊस पडून गेलेला असतो आणि धरण काठोकाठ भरलेलं असतं. म्हणजे धरणात सगळ्यात जास्त पाणी असतं, नेमक्या त्याच दिवसांत वाडीत सगळ्यात जास्त माणसं असतात. आणि मी माणसं मोजली होती फेब्रुवारीत.

हे माझ्या लक्षात आलं, आणि मी काही केलं नाही. हा लेख त्याबद्दल आहे. पण त्याआधी तिवऱ्याबद्दल बोलायला हवं, कारण मला हे कळायला हवं होतं, असं मी म्हणतो ते तिवऱ्यामुळे.

*

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. मातीचं धरण, बांधून पुरं होऊन जेमतेम वीस वर्षं झालेली. रात्री साडेनऊच्या सुमारास पाणी सुटलं आणि धरणाच्या पायथ्याशी असलेली भेंदवाडी त्याच्या वाटेत आली. डझनभर घरं गेली. २३ माणसं वाहून गेली. गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केलेली होती, आणि पावसाळ्याआधी तिथं दुरुस्तीचं कामही झालं होतं. मी तेव्हा बारावीत होतो. सकाळी फोन उघडला तर प्रत्येक ग्रुपवर तोच व्हिडिओ: धरणाच्या भिंतीत मधोमध मोठं खिंडार, आणि त्यातून लाल पाणी.

तिवऱ्याचा साठा होता वीस लाख घनमीटरहून थोडा जास्त. दहा हजार लिटरचे दोन लाख टँकर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल. पण धरणांच्या दुनियेत हा आकडा किरकोळ आहे. एका टीएमसीचा दहावा हिस्सासुद्धा भरत नाही. डोंगरापलीकडच्या कोयनेत शंभराहून जास्त टीएमसी पाणी मावतं. तेव्हा कोयनेशी तुलना केली तर तिवरे लहानच. भेंदवाडीतल्या माणसाला मात्र ही तुलना करायला वेळ मिळाला नाही.

इथूनच माझा प्रश्न सुरू होतो. धरण 'लहान' आहे असं आपण म्हणतो तेव्हा ते कोणासाठी लहान असतं?

*

आधी जरा शब्दांचा गुंता सोडवू. धरणांचं वर्गीकरण एकाच प्रकारे होत नाही. निदान तीन निरनिराळे प्रश्न विचारले जातात.

पहिला प्रश्न: धरण केवढं आहे? भारतीय मानक ११२२३ हे १९८५ चं. त्यानुसार साठा ५ लाख ते १ कोटी घनमीटर असेल, किंवा पाण्याची उंची साडेसात ते बारा मीटर असेल, तर धरण लहान. साठा आणि उंची या दोन मापांनी वेगवेगळे वर्ग आले तर त्यांतला मोठा धरतात. या वर्गावरून सांडवा केवढ्या पुरासाठी बांधायचा ते ठरतं. मोठ्या धरणाचा सांडवा त्या खोऱ्यात येऊ शकेल अशा सगळ्यात मोठ्या पुरासाठी, लहान धरणाचा शंभर वर्षांच्या पुरासाठी.

दुसरा प्रश्न: धरण फुटलं तर खाली काय होईल? किती माणसं, किती घरं, कोणते रस्ते, कोणती शाळा? याला धोक्याचं वर्गीकरण म्हणतात. केंद्रीय जल आयोगाने २०२० मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. माझ्या हातातला तक्ता याच प्रश्नासाठी होता.

तिसरा प्रश्न: धरण आत्ता कसं आहे? महाराष्ट्रात पाहणीत सापडलेल्या दोषांच्या तीन श्रेणी करतात. पहिल्या श्रेणीतला दोष म्हणजे ज्यामुळे धरण फुटू शकेल असा. तिसऱ्या श्रेणीतला म्हणजे वर्षभरात किरकोळ डागडुजीने निघेल असा.

तीन प्रश्न, तीन उत्तरं. एखादं धरण आकाराने लहान, खाली शाळा असल्यामुळे धोक्याने मोठं, आणि तब्येतीने ठणठणीत असू शकतं. दुसरं आकाराने मोठं, खाली नुसतं रान, आणि आतून पोखरलेलं असू शकतं. कागदावर हे तिन्ही रकाने वेगळे असतात. आपल्या मनात मात्र पहिला रकाना बाकीच्या दोघांना गिळून टाकतो. 'लहान धरण' म्हटलं की 'लहान धोका' असं ऐकू येतं. भाषेची ही खोड निरुपद्रवी नाही, कारण पुढं पैसे, माणसं आणि लक्ष त्याच अर्थाने वाटलं जातं.

*

आता 'शंभर वर्षांचा पूर' या शब्दांकडे बघा. ऐकायला वाटतं, शंभर वर्षांतून एकदा येणार, आपण काय तेव्हा असणार नाही. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता दरवर्षी शंभरात एक. या वर्षी आला म्हणून पुढच्या वर्षी सुट्टी नाही. हिशेब केला तर पन्नास वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्के निघते. वयाच्या विशीत त्या वाडीत सून म्हणून आलेली बाई सत्तरीची होईपर्यंत एवढी शक्यता.

तसा पूर आला म्हणजे धरण फुटलंच असं नाही. सांडव्याच्या वर भिंतीची थोडी उंची राखलेली असते, ती पुष्कळदा तारून नेते. पण मातीच्या धरणाचं दुखणं वेगळं आहे. काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी गेलं तर ती बऱ्याचदा टिकते. मातीच्या भरावावरून पाणी वाहायला लागलं, की ते मातीच घेऊन जातं, आणि घळ पडली की तासाभरात खिंडार होतं. दुसरा मार्ग आतला. भरावातून थोडं पाणी झिरपतंच. ते स्वच्छ असेल तर फार घाबरायचं कारण नसतं. गढूळ यायला लागलं, की समजायचं, भिंत आतून वाहून चालली आहे.

म्हणजे मोठ्या धरणाखाली राहणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, 'तुझ्यासाठी येऊ शकेल त्या सगळ्यात मोठ्या पुराची तयारी केली आहे.' आणि लहान धरणाखालच्या माणसाला म्हणतो, 'तुझ्यासाठी शंभर वर्षांच्या पुराची केली आहे.' त्या मानकात धोका जास्त असेल तर मोठा पूर धरायची मुभा आहे, हे खरं. पण मुभा वापरायची तर आधी कोणीतरी धोका नीट मोजलेला हवा. आणि मोजायला मी गेलो होतो.

*

या वाटणीमागे युक्तिवाद आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. तो असा: पैसा मर्यादित आहे. देशातली सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रातच आहेत, शिवाय लहान धरणं, पाझर तलाव, गाव तलाव यांची तर गणतीच नाही. सगळ्यांना सारखं जपायचं म्हटलं तर कोणालाच जपता येणार नाही. ज्या धरणाखाली लाखाचं शहर आहे तिथं आधी खर्च करावा, ज्याखाली पन्नास माणसं आहेत तिथं नंतर. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्याच्या वाटेत पुणं होतं. तेही मातीचंच धरण. त्या दिवसाची आठवण पुण्यात अजून निघते. शहर आधी, वाडी नंतर, यात अन्याय काय?

मी यावर बराच विचार केला. मला वाटतं, यात दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधले आहेत.

एक प्रश्न: पैसे आधी कुठं घालायचे? इथं तुलना करावीच लागते. दवाखान्यात एकच व्हेंटिलेटर असेल तर डॉक्टरलाही करावी लागते. आकडे मोजणं म्हणजे माणुसकी सोडणं नव्हे.

दुसरा प्रश्न: प्रत्येकाचं किमान देणं काय? इथं तुलना चालत नाही. भेंदवाडीतला माणूस 'पन्नासांतला एक' म्हणून बुडत नाही, तो एकटा बुडतो. शहरात त्याच्यासारखे लाख आहेत म्हणून त्याचा जीव लाखांश होत नाही. त्याने धरण मागितलं असेल-नसेल, त्या पाण्यावर त्याचं शेत भिजत असेल-नसेल, पण वीस लाख घनमीटर पाणी त्याच्या उशाशी आणून ठेवलं ते आपण सगळ्यांनी मिळून. ठेवलं, तेव्हाच त्याचं काही देणं लागलो.

ते देणं फार महाग नाही, हाच मुद्दा आहे. भिंत दुप्पट जाड करायला कोटी लागतील. पण पावसाळ्याआधी आणि नंतर भिंतीवरून चालत जाऊन बघणं, गळती गढूळ आहे की स्वच्छ हे लिहून ठेवणं, भरावावर उगवलेली झाडं काढणं, पातळी वाढली की वाडीला फोन करणं, अतिवृष्टीच्या रात्री माणसांना शाळेत झोपायला नेणं, याला कोटी लागत नाहीत. 'पैसे नाहीत' हे उत्तर पहिल्या प्रश्नाला आहे. ते दुसऱ्याला दिलं, की ती पळवाट होते.

अमेरिकेतलं एक उदाहरण मला यासाठी महत्त्वाचं वाटतं. ६ नोव्हेंबर १९७७ ला, मध्यरात्रीनंतर, जॉर्जिया राज्यातल्या टोकोआ इथं केली बार्न्स नावाचं मातीचं धरण फुटलं. साठा तिवऱ्याहूनही कमी. खाली एक कॉलेज होतं. झोपेत ३९ माणसं गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी धोकादायक ठिकाणच्या खासगी धरणांची तपासणी सुरू करायला लावली. आज तिकडच्या वर्गीकरणात 'अति धोका' हा वर्ग लावायला शहर लागत नाही. धरण फुटल्यावर एक जीव जाण्याची दाट शक्यता असेल तरी तो वर्ग लागतो. पाचशे नाही, पन्नास नाही. एक. म्हणून तिकडची सगळी धरणं सुरक्षित झाली असं नाही. पण रेषा कुठं ओढायची, याचं ते एक स्वच्छ उत्तर आहे.

आपल्याकडे २०२१ मध्ये धरण सुरक्षितता कायदा झाला. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आणीबाणीचा आराखडा, कसुरीला शिक्षा, हे सगळं त्यात आहे. तो लागू होतो पंधरा मीटरहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांना काही अटींवर, उदाहरणार्थ साठा किमान दहा लाख घनमीटर असला तर. दहा मीटरच्या खालची भिंत या कायद्याच्या हिशेबात धरणच नाही. कुठंतरी रेषा ओढावी लागते हे मला मान्य. फक्त, ही रेषा भिंतीची उंची मोजते. भिंतीच्या खाली कोण झोपलं आहे, ते मोजत नाही.

*

तिवऱ्यानंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत म्हणाले होते, की खेकड्यांनी भराव पोखरल्यामुळे धरण फुटलं. मग खेकड्यांवर विनोद झाले, मीम झाली, मोर्चात खेकडे आणले गेले. मीही ते मीम फॉरवर्ड केलं होतं.

आज मला त्या वाक्यात विनोदापेक्षा वेगळं काही दिसतं. खेकडे मातीत बिळं करतात, हे खोटं नाही. कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. भातखाचराच्या बांधाला खेकडा भोक पाडतो, पाणी निघून जातं. म्हणून तर भर पावसात इरलं घेऊन, हल्ली प्लास्टिकचा कागद घेऊन, माणूस बांधावर फेरी मारतो आणि दिसलं भोक की चिखलाने बुजवतो. बांध फुटला तर तो खेकड्याला दोष देत नाही. 'मी फेरी चुकवली,' असं म्हणतो.

कारण आणि जबाबदारी यांत एवढाच फरक आहे. खेकडा कारण असू शकतो. पण जे कारण सगळ्यांना माहीत आहे आणि फेरी मारली तर दिसतं, ते कारण पुढं केल्याने जबाबदारी टळत नाही. उलट ती अधिक पक्की होते. माहीत होतं ना? मग फेरी कोणाची होती?

आणि इथं आणखी एक अवघड गोष्ट आहे. गळतीची तक्रार करणारी माणसं धोका ओळखून होती. मग ती तिथं राहिलीच का, असं विचारणारे भेटतात. मला वाटतं, उत्तर दुरुस्तीत आहे. तक्रार केली, माणसं आली, काम झालं. त्यानंतर गाव झोपलं, कारण झोपायला कारण मिळालं होतं. आपण जेव्हा कोणाला सांगतो, की 'आम्ही बघून गेलो', तेव्हा त्याची राखण आपण आपल्या हातात घेतलेली असते. म्हणून अर्धवट पाहणी ही पाहणीच न करण्यापेक्षा वाईट असू शकते. न पाहिलेल्या धरणाखाली माणूस निदान कान उघडे ठेवून झोपतो.

वर्गीकरणाचंही तसंच. एखाद्या धरणापुढे 'कमी धोका' लिहिणं ही नुसती नोंद नसते. ते खालच्या माणसांना दिलेलं वचन असतं. बहुतेक वेळा हे वचन त्यांना न सांगता दिलेलं असतं, आणि मोडलं तरच कळतं.

*

माझा तक्ता असं एक वचन होता. चौदा शून्यं लिहिताना मी खोटं लिहिलं नव्हतं. त्या दिवशी त्या घरांत खरंच कोणी नव्हतं. तक्त्यात 'राहणारी माणसं' असंच छापलं होतं. मला कोणी विचारलं असतं तर मी प्रत्येक आकडा सिद्ध करून दाखवला असता. चूक आकड्यात नव्हती. आजींनी मला सांगितलं होतं आणि मला ते ऐकू आलं होतं, चूक तिथं होती. रकाना नाही म्हणून मी ते लिहिलं नाही.

मोठ्या दुर्घटनांमागे मोठे खलनायक शोधायची आपल्याला सवय आहे, आणि कधी ते असतातही. पण पुष्कळदा तिथं माझ्यासारखी पोरं असतात. प्रत्येकाने आपला रकाना बरोबर भरलेला असतो. कोणी उंची बरोबर लिहिलेली, कोणी साठा, कोणी फेब्रुवारीतली माणसं. सगळं बरोबर, आणि सगळं मिळून चूक. कोणा एकाची नाही म्हणून ती कोणाचीच होत नाही.

गेल्या वर्षी गणपतीत मी त्या वाडीत पुन्हा गेलो. मुद्दाम गेलो. पाऊस होता, पऱ्या दुथडी भरून वाहत होता, वर सांडव्याचा आवाज वाडीपर्यंत येत होता. कुलूप होती त्या चौदांपैकी अकरा घरांत दिवे लागले होते. ओट्यांवर चपलांचे ढीग, आत आरत्या. आरती झाल्यावर मी घरोघर विचारत फिरलो. लोकांना वाटलं, वर्गणी मागायला आलोय. या वेळी बेरीज आली १६३. लहान मुलं धरून, दर्शनाला आलेले पाहुणे सोडून.

त्या आजी ओटीवर नव्हत्या. आत पाटावर बसून मोदकांच्या पाकळ्या काढत होत्या. मला ओळखलं नाही. मी सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "मग लिहिलंस का?"

तक्त्याची जुनी प्रत माझ्याकडे होती. तिच्यासोबत नवा आकडा, तारीख आणि कुलूपबंद घरांची यादी जोडून मी संबंधित कार्यालयाला अर्ज दिला. दीड वर्ष उशिरा. पोच मिळाली आहे. वर्ग बदलला की नाही ते अजून कळलेलं नाही. यंदा मृगाच्या आधी पुन्हा विचारायला जाणार आहे.

तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला एखादं लहान धरण असेल. बहुतेकांच्या असतं, आपण तिथं सहलीला जातो, भिंतीवर बसून फोटो काढतो. पुढच्या वेळी गेलात तर भिंतीच्या पलीकडच्या उतारावर, पायथ्याशी जाऊन बघा. पाणी झिरपतंय का, झिरपत असेल तर गढूळ आहे का, ते बघा. मग वळून खाली बघा. किती घरं दिसतात ते मोजा. कुलूपबंद धरून.